तरवडाची माळ

घटासाठी तरवडाची फुलं ओवताना बोटांना तो कडवट, हिरवा वास लागला आणि मी मनानं नांदेडजवळच्या कालव्यावर जाऊन पोचले. हातात नवा कॅमेरा होता, समोर पिवळ्या तरवडावर फुलपाखरू बसलं होतं आणि आई माळेसाठी नेमक्या त्याच फांदीकडे हात नेत होती.

"आई, थांब! फोटो काढून राहिले."

"हाव, काढ. देवी थांबती, हे न्हाई थांबायचं," म्हणत तिनं हात तसाच अधांतरी धरला.

फुलपाखरू छान आलं, पण कोपऱ्यात आईचा हातही आला. फोटो बिघडला म्हणून मी किती चिडले होते!

आता माळ मी एकटीच ओवते. ओवून झाली की तो जुना फोटो उघडते आणि कोपराच तेवढा मोठा करून बघते. हात अजून थांबलेला आहे.