दम खायचे दोन टाके

जगात माणसानं जे जे सुंदर घडवलं ते शेवटी अंगावर पांघरून झोपण्यासाठीच घडवलं, याबद्दल माझ्या थोरल्या नणंदबाईंच्या मनात कधीही शंका नव्हती. देवळाची भिंत असो, दारातली रांगोळी असो की नव्या नवरीच्या हातावरची मेंदी, त्या आधी डोळे बारीक करायच्या, मग मान डावीकडे झुकवायच्या आणि विचारायच्या, "ह्याची वाकळ हुईल का गं?" गोधडीला त्या वाकळच म्हणतात. उत्तराची त्यांना गरज नसे. एकदा उदगीरकडच्या एका घरी पाहुण्या म्हणून गेल्या. तिथं बिदरी सुरई होती, काळ्या धातूवर चांदीच्या तारेची नक्षी असलेली. समोरचा चहा निवून गेला तरी यांची नजर सुरईवरून हलेना. महिन्याभरात काळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याची वाकळ तयार झाली आणि ती त्यांनी त्याच घरातल्या बाळंतिणीला नेऊन दिली. काळं कापड बघून तिच्या सासूचा चेहरा पडला. नणंदबाई शांतपणे म्हणाल्या, "लेकराला तीट लावता न्हवं? ही बी तीटच हाय. निसती मोठी हाय."

घरात सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही. त्या लोह्याच्या, मी नांदेडची. माझा शिवणक्लास आहे. सव्वीस वर्षं झाली, माप, खडू आणि सरळ शिलाई या तीन गोष्टींवर माझा विश्वास आहे, चौथ्या कशावर फारसा नाही. त्यामुळे अक्का आल्या की आमचं जमायचं नाही, आणि आल्या नाहीत की मला करमायचं नाही. क्लासातल्या चिंध्यांवर त्यांचा हक्क होता. चिंध्यांचं पोतं पुढ्यात ओतून बसायच्या आणि मी शिवलेला ब्लाउज उलटा करून, आतली शिलाई बघून म्हणायच्या, "लई सरळ शिवतीस बाई. तहसीलीतल्या कागदावानी." हे कौतुक नाही, एवढं कळायला मला दोन वर्षं लागली.

एकदा आम्ही दोघी अर्धापूरला एका साखरपुड्याला गेलो होतो. परत येताना फाट्यावर केळीच्या गाड्या भरत होत्या. एका ट्रकच्या मागच्या फळीवर मोर होता, कमळ होतं, दोन्ही बाजूंनी वेलबुट्टी होती. अक्कांनी पिशवीतून कुठलीशी लग्नपत्रिका काढली, माझ्याकडचा पेन घेतला आणि रस्त्याच्या कडेला उकिडव्या बसून नक्षी उतरवायला लागल्या. ड्रायव्हरला वाटलं, बाई गाडीचा नंबर लिहून घेते आहे. तो खाली उतरून हात जोडून म्हणाला, "मावशी, काय चुकलं का माझं?" अक्का मान वर न करता म्हणाल्या, "मोराची मान आखूड काढलीय रंगाऱ्यानं. बाकी काई न्हाई. पाच मिंट थांब." तो बिचारा थांबला. त्या नक्षीची वाकळ माझ्या पुतण्याच्या लग्नात आहेर म्हणून आली आणि सगळ्या पाहुण्यांसमोर उलगडली गेली. मोराची मान लांब झाली होती, कमळ होतं, वेलबुट्टी होती आणि खालच्या काठाला, ट्रकवर होतं अगदी तसंच, ठळक लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'अंतर ठेवा'. मांडवात जो काही हशा उसळला त्यात मी अक्कांना बाजूला घेतलं. "अक्का, नवराबायकोच्या पांघरुणावर हे काय लिहिलंय?" अक्कांना माझीच कीव आली. "अक्षराचं वळण बग की. वाचायलीस कशाला?" पुतण्याला आज दोन मुलं आहेत, तेव्हा ती सूचना कोणी मनावर घेतलेली दिसत नाही.

निलंग्याला नात्यातल्या एका मुलीच्या लग्नात तर त्या लग्नालाच नव्हत्या. म्हणजे आमच्याबरोबर बसमधून उतरल्या, विहाराच्या दारापर्यंत आल्या आणि नाहीशा झाल्या. वंदना झाली, हार घातले गेले, पंगती उठल्या, तरी अक्कांचा पत्ता नाही. शेवटी मी शोधायला निघाले, तर त्या तिथल्या जुन्या देवळाच्या मागच्या बाजूला भिंतीला चिकटून उभ्या. त्या देवळाची भिंत सरळ म्हणून जात नाही. हातभर गेली की कोपरा काढते, आत वळते, परत बाहेर येते. अक्का ती पदरानं मोजत होत्या आणि पदराचं दुसरं टोक चक्क पुजाऱ्यानं धरलं होतं. पुजारी मला म्हणाला, "मी ह्यांना म्हणलो, बाई, दर्शन पुढून हाय. तर म्हणतेत, आतलं तुमचं तुमी बगा, मला कोपरे मोजू द्या." अक्का म्हणाल्या, "बोलू नगा, सतरावा चालू हाय." मुलीच्या आईनं त्यावर वर्षभर अबोला धरला. पुढच्या थंडीत तिच्या घरी वाकळ पोचली, देवळाच्या पायाची, बाराही बाजूंनी कोपरे फुटलेली भलीमोठी चांदणी. आता ती आई आल्यागेल्याला ती वाकळ कपाटातून काढून दाखवते आणि अक्कांनी लग्न कसं चुकवलं ते अभिमानानं सांगते.

अक्कांचे यजमान, आमचे दाजी, अगदी उलट होते. आठवड्याला मोजून दहा वाक्यं बोलत असतील. नगरपालिकेत पाणी सोडायचं काम करायचे आणि संध्याकाळी गायन पार्टीत ढोलक वाजवायचे. जयंतीच्या दिवसांत तर घरी फक्त कपडे बदलायला येत. हात स्वस्थ नसे. सकाळी पाणी सोडण्याआधी व्हॉल्व्हच्या लोखंडी झाकणावर पान्यानं ठेका धरायचे, आणि तो ऐकून गल्लीतल्या बायका घागरी बाहेर काढायच्या. त्या ठेक्याच्या शेवटी दोन बारीक टिचक्या नेहमी जास्तीच्या असत. त्यालाही कारण होतं. पार्टीचे गायक दम्याचे. ओळ संपली की त्यांना पुढच्या ओळीसाठी श्वास पुरायचा नाही, म्हणून दाजी दोन टिचक्या वाढवून त्यांना तेवढी उसंत काढून देत. पुढं हाताला तीच सवय पडली. गायक वारले, तरी टिचक्या राहिल्या. पाण्याच्या झाकणाला काही दमा नव्हता, पण त्यालाही त्या मिळत.

दाजी गेले तेव्हा त्यांच्या वाजवण्याचं मागं काहीच उरलं नव्हतं. एक कॅसेट होती, तिची फीत टेपरेकॉर्डरनं कधीच गिळली होती. कोणाच्या तरी मोबाइलवर एक कार्यक्रम होता, पण त्यात नुसती कर्ण्याची घरघर. त्याच वर्षी अक्कांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आहे तीही किती दिवस टिकेल सांगता येत नाही. अक्कांनी घरी येऊन दाजींचे खाकी आणि पांढरे शर्ट काढले, फाडून चौकोन केले आणि शेवटची म्हणून एक वाकळ शिवायला घेतली.

मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं होतं. "ह्यात चित्र न्हाई वैनी. त्यांचा ठेका हाय. लांब टाका म्हंजे थाप, आखूड टाका म्हंजे टिचकी. एक ओळ म्हंजे गाण्याची एक ओळ. डोळे गेले तरी बोटाला कळंल." मी "हो अक्का" म्हणाले. मी तेव्हा सोबत नेलेल्या, एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजाला हुक लावत होते, आणि अक्का प्रत्येक वाकळीबद्दल असं काही ना काही सांगतच असत. सुरई झाली, मोर झाला, चांदणी झाली, आता ठेका. मी ऐकलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वर्षभरानं वाकळ पुरी झाली. त्या हिवाळ्यात नांदेडला महिलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन होतं. अक्कांची वाकळ आजवर कुठंही मांडली गेली नव्हती, म्हणून मीच मागून आणली. "मांड, पण लौकर आण," त्या म्हणाल्या. "तिच्याबिगर झोप येत न्हाई." क्लासातल्या टेबलावर पसरली तेव्हा शिकायला येणाऱ्या मुली काम सोडून बघायला आल्या. चाळीस ओळी, आणि प्रत्येकीत लांब-आखूड टाक्यांची तीच नक्षी, एका हातानं एका दमात घातल्यासारखी. फक्त प्रत्येक ओळीच्या शेवटाला दोन टाके नक्षी सोडून दाटून पडलेले. मी मनात म्हटलं, नजर. काठाजवळ बिचारीला दिसलं नसणार. आणि परीक्षक पहिल्यांदा काठच बघतात. मी छोटी कात्री घेतली. तीन दुपारी बसून छत्तीस ओळींचे शेवट उसवले आणि सगळे एका रेषेत आणून ठेवले. चार ओळी राहिल्या, कारण वाकळ नेऊन द्यायची वेळ झाली. तिला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकबाई म्हणाल्या, टाक्यांना शिस्त आहे. आपल्या हातून अक्कांसाठी एक चांगलं काम झालं, असं मला दोन दिवस वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी मी लोह्याला गेले. प्रमाणपत्र आणि शाल त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तशीच बाजूला ठेवली, वाकळ मांडीवर ओढली आणि उजव्या हाताचं बोट पहिल्या ओळीवरून फिरवायला लागल्या. डावा हात गुडघ्यावर ठेका धरत होता. ओळ संपली आणि डावा हात उचलला गेला तो वरच राहिला. मग दुसरी ओळ. मग तिसरी.

"वैनी, ह्याला हात कोनी लावला?"

"मी लावला. शेवटचे टाके दाटले होते अक्का, जरा नीट केले."

त्यांनी ओळीचा शेवट परत एकदा चाचपला. मग म्हणाल्या, "गायकानं दम कुठं खायाचा आता?"

तेव्हा मला झाकण आठवलं, टिचक्या आठवल्या, हुक लावताना कानावरून गेलेलं सगळं आठवलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वाकळ घडी करून बाजूला ठेवली आणि भिंतीला हात लावत चहा टाकायला उठल्या. परत शिवण्याइतकी नजर आता त्यांच्याकडे नव्हती, आणि ते दोघींना माहीत होतं.

पुढचे चौदा रविवार मी लोह्याच्या बसमध्ये काढले. न उसवलेल्या चार ओळी नमुन्याला होत्या, त्यामुळे मला वाटलं होतं, दोन रविवारांचं काम. मी टेपनं अंतर मोजलं आणि पहिल्या ओळीचे दोन टाके घातले. अक्कांनी बोट फिरवलं. "उसव. ह्या टिचक्या न्हाईत, हे खिळे हायत." परत घातले. "उसव. मोजायलीस तू. माप ठिव तुजं नांदेडला." मग त्या गुडघ्यावर ठेका धरून बसायच्या आणि मी त्या ठेक्यावर सुई घालायची. सरळ शिवणं मला झोपेतही जमतं. ते दोन टाके जमेपर्यंत बोटांची चाळणी झाली. चौथ्या रविवारी एकदाचं त्यांनी बोट फिरवलं आणि होकाराचं नुसतं "हाव" म्हणाल्या. माझ्या क्लासातल्या मुलींना प्रमाणपत्र मिळाल्यावर काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

पस्तीस ओळी झाल्या. छत्तिसावीला मी सुई लावली तर त्यांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे ही."

"माझी चूक कशाला ठेवायची अक्का?"

"चूक कशाची? ही ओळ तुजी. तू कुठं कधी दम खातीस?"

अक्का आता लातूरला लेकीकडे असतात. काही दिसत नाही. लेकीच्या घरी भिंतीवर नवीन काही लागलं की तिला विचारतात, कसं हाय ते सांग, आणि ऐकून झालं की ठरल्याप्रमाणे, "ह्याची वाकळ हुईल का गं?" मी महिन्या-दोन महिन्यांनी जाते, डबा पोचवते, औषधं बघते आणि उठते. परवाही पिशवी खांद्याला लावून उभी होते. अक्का वाकळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि बोट ओळीमागून ओळ खाली येत होतं. माझ्या ओळीवर आलं तसं सरसर पुढं गेलं. "आली बग वैनी," त्या स्वतःशीच हसल्या, "गाडी चुकंल म्हनून पळायली." बोट पुढच्या ओळीवर गेलं, हळूहळू तिच्या शेवटापर्यंत पोचलं, आणि गुडघ्यावर दोन बारीक टिचक्या वाजल्या.

मी पिशवी खाली ठेवली. नांदेडच्या गाड्या काय, असतात मागून आणखी.