बपेऱ्यालाच फ्रिज का तापायचा?

ऐंशीच्या दशकातला एक एप्रिल. बपेरा गावात भर दुपारी मी चपला हातात घेऊन शाळेच्या मागच्या बाजूने निघाले होते… आमच्याच गाडीच्या ड्रायव्हरला रंगेहाथ पकडायला.

मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली, आरोग्य खात्यात पर्यवेक्षिका. आमच्या मिनी ट्रकच्या टपावर उन्हापासून वीज करणारी काळी काचेची प्लेट बसवली होती आणि त्या विजेवर मागच्या बाजूला एक छोटा फ्रिज चालायचा. त्यात पोलिओची लस. वीज नसलेल्या गावांत लस थंड राहते का, हे आम्हाला बघायचं होतं.

खरं सांगायचं तर माझा त्या यंत्रावरच विश्वास नव्हता. बी.एस्सी. झालेली मी, बॅटरी कशी भरते ते समजत होतं… पण उन्हाने एखादी गोष्ट गार होते हे मन मानत नव्हतं. तरी तो फ्रिज चालला. चिखल्याच्या खाण कामगारांच्या वसाहतीत चालला, पार लाखांदूरला जाऊनही चालला. थर्मामीटरचा काटा लस खराब होण्याच्या लाल रेघेच्या बराच खाली.

फक्त बपेऱ्याहून परतलो की काटा चढलेला असायचा. रेघेला टेकायला आलेला.

म्हणजे इथेच कुणीतरी फ्रिज उघडत होतं. किल्ली सुखदेवभाऊंकडे, आमच्या ड्रायव्हरकडे. बपेऱ्यापासून मध्य प्रदेशची हद्द जवळ, तिकडून दारूसकट काय काय येतं हे सगळ्यांना ठाऊक. त्यात त्यांची कापडी पिशवी… सीटखाली ठेवलेली, आणि नेहमी ओली! थंड बाटलीशिवाय पिशवी ओली कशाने होईल? मी मनातल्या मनात खटला चालवून निकालही दिला होता.

तर त्या दिवशी शाळेत डोस सुरू करण्याआधी "जरा पाणी पिऊन येते" असं नर्सला सांगून मी निघाले. चपलांचा आवाज होऊ नये म्हणून त्या काढल्या. जमीन अशी तापलेली की पाऊल टेकवत नव्हतं… पण संशय माणसाला कुठूनही चालवतो.

गाडी नेहमीप्रमाणे शाळेमागे राहणाऱ्या सगुणाबाईंच्या अंगणात उभी होती. सुखदेवभाऊ कडुनिंबाखाली चक्क घोरत होते. किल्ली कमरेला.

आणि गाडीला लागून उभ्या केलेल्या बैलबंडीवर सगुणाबाई! हातात लांब बांबू. पाण्याने निथळणारा एक बोरा, म्हणजे गोणपाट, त्या बांबूने टपावर ढकलत होत्या. काळ्या प्लेटवर आधीच दोन ओले बोरे अंथरलेले… एक कोपरासुद्धा उघडा नाही.

"माय, हे काय करून राहिल्या?" मी ओरडलेच.

"काय करून राहिली म्हणजे? आतमंधी लेकरायची दवा, अन् वरून हे आगीसारखं ऊन! तुमच्यातल्या कोणाले सुचते का? दर खेपेले मीच झाकतो."

आमच्याकडे उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं, खिडकीला ओली वाळ्याची ताटी. गार ठेवायचं म्हणजे उन्हापासून झाकायचं, पाणी मारायचं. सगुणाबाईंनी पाहुण्या गाडीसाठी तेच केलं होतं. विहिरीचं पाणी शेंदून.

आवाजाने सुखदेवभाऊ उठले. आधी बोऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. "बाई, चपला हातात घेऊन काहून फिरून राहिल्या? पाय भाजतीन ना जी!"

मी आधी सीटखालची पिशवी पाहिली… त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली होती. साध्या पाण्याची.

फ्रिज उघडला. बॅटरी दमलेली, काटा लाल रेघेच्या वर. म्हणजे आजची लस फेकायची. ऊन अडलं की हा फ्रिज बंद पडतो, हे मी सगुणाबाईंना सांगितलं.

शाळेत आया लेकरं घेऊन बसल्या होत्या. काही तर शेजारच्या गावांतून उन्हातान्हात चालत आलेल्या. मी सांगितलं की लस तापली, आज देता येणार नाही. मग माझ्यामागून आलेल्या सगुणाबाईंनीच विचारलं, त्यांच्या कडेवर नातू होता.

"आज खराब झाली. मंग मागच्या खेपेची बरी होती, हे कोनं पाह्यलं?"

कुणीच नाही… मी सकाळी काटा बघायचे आणि परतल्यावर. मधली दुपार कुणी पाहिली होती? "बरीच होती" म्हणणं सोपं होतं, तोंडावर आलंही होतं. पण समोर ती लेकरं होती, आणि पोलिओ झालेलं पाऊल मी पाहिलेलं होतं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "बपेऱ्याचे सगळे डोस आपण पुन्हा देऊ."

बायका कुजबुजत उठल्या. कुणी रागाने, कुणी माझ्याकडे असं बघत, जसं मी इतके दिवस सुखदेवभाऊंकडे बघत होते. पुढच्या खेपेला कुणी येईल, असं मला वाटत नव्हतं.

पुढच्या खेपेला गाडी अंगणात शिरली, तर बंडी दूर सरकवलेली. प्लेटवर सावली टाकणारी कडुनिंबाची फांदी छाटलेली. आया ओसरीवर बसलेल्या, पण पुढे कुणी येईना.

सगुणाबाई उठल्या. "पह्यले मले दाखव." मी लसीची बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती गालाला लावली, डोळे मिटले… गालावर पाण्याचा ओला ठसा उमटला. मग नातवाला पुढे करून म्हणाल्या, "गार हाय. दे आता."

मागे रांग लागली.

त्यानंतर बपेऱ्यात थर्मामीटर मी बघायचे आणि बाटली सगुणाबाई. मी दुपारीही काटा बघायला लागले, ती सवय त्यांच्याच एका प्रश्नाने लावली. माझा संशय मी चपला काढून लपतछपत नेला होता, त्यांनी त्यांचा चारचौघांत समोर मांडला… त्या संशयाची मी आजही ऋणी आहे.