भिलाईला आलेला पाटा

तुमसर रोडच्या फलाटावर गाडी हलली, तेव्हा बाबांनी खिडकीचा गज धरून एवढंच म्हटलं, "कारखाना उभा झाला का वापस याचं, बाई." मी मान हलवली. कारखाना म्हणजे विहिरीसारखा, खणून झाला की खणणारे आपापल्या घरी, असंच तेव्हा सगळ्यांना वाटे.

भिलाईत यांना कारखान्याच्या बांधकामावर काम आणि कॅम्प-१ मध्ये पत्र्याची खोली मिळाली. समोर लाल धूळ, आणि धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मोडून उभे होत असलेले लोखंडाचे सांगाडे. कारखाना उभारायला आलेले रशियन साहेब उन्हानं लालबुंद होऊन टरबुजं विकत घेत. शेजारची दुकलहीन इथलीच, छत्तीसगढी. तिची बांधी कारखान्यात गेली आणि नवरा त्याच कारखान्यात मजुरीला लागला. रोज चटणी वाटायला मी तिच्या दारी. तुमच्या देसात दगड मिळत नाहीत का बहिनी, म्हणून ती चिडवायची. दगड मिळत होते हो. पण आमच्यात पाटा एकदा हळदकुंकू वाहून मांडला की जागचा हलवत नाहीत. पाटा मांडला म्हणजे राहिलोच की इथं! म्हणून मी घेतच नव्हती.

मग यांची नोकरी पक्की झाली. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरात, क्वार्टर मिळेल म्हणून हे खूश. मी म्हटलं, बाबांना शब्द दिला आहे. यावरून आमची बोलचाल बंद. त्यातच मला कळा दिवसांआधीच आल्या, बाळंतपणाला माहेरी जाणं राहिलं आणि मुलगी कॅम्पातच झाली. बारशाला बाबा येणार आणि आम्हा मायलेकींना कायमचं गावी घेऊन जाणार, असं ठरलं. मी गाठोडी बांधून ठेवली. हे एकटे राहतात की पक्की नोकरी सोडून मागं येतात, हे विचारायची मला हिंमत नव्हती. आणि बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालावा लागतो, तोही घरचाच. तो कुठून आणू?

बाबा आले ते खांद्यावर पोतं घेऊन. मला वाटलं, तांदूळ. खाली ठेवलं तर दणकन वाजलं. आत मायचा पाटा होता, वाटून वाटून मधे खोलगट झालेला, आणि त्याचा वरवंटा.

"बाबा, हा कावून हलवला?"

"तुही माय म्हणे, जवायाची नोकरी पक्की झाली, आता पोरगी येत नाही तर पाट्यालेच जाऊ द्या." मग बाहेर कारखान्याच्या चिमणीकडे पाहत म्हणाले, "धूर तर मले गाडीतूनच दिसला. एवढी मोठी चूल पेटवून राहिले लोक, ते सोडून कोणी जाते का?"

यांनी माझी गाठोडी सोडली. पाट्यावर पहिलं वाटण दुकलहीननंच केलं. आता रोज मी येईन, म्हणाली, आणि खरंच येत राहिली.

पुढं तो पाटा सेक्टर ६ च्या क्वार्टरमध्ये आला. गावचे तुम्ही लोक अजून विचारता, घरी कधी येता? आणि इथली नातवंडं हिंदीत विचारतात, आजी, आपण कुठले? मी दोघांनाही पाट्यावरची चटणी वाढते. हा जिथं मांडला तिथं माझं घर झालं, यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही.

बंगळूरच्या नातीला मुलगी झाली आहे. बारशाला वरवंट्याचा फोटो पाठव म्हणते. फोटो काय पाळण्यात घालायचा? मी पाटा-वरवंटा दोन्ही तिच्या घरी मांडायला पोत्यात बांधले आहेत. नातू म्हणतो, आजी, इतकं वजन कशाला? बाबांच्या खांद्यालाही ते झालंच असेल.