रिकाम्या जागेतली मेथी

नातीच्या वर्गात अमेरिका वाटून दिली, तेव्हा तिच्या वाट्याला बैलगाडी आली नाही. म्हणून ती बूट न काढताच आमच्या दारात बसून रडायला लागली.

शाळा इथली, दोह्यातली, पण अमेरिकन अभ्यासक्रमाची, वर्ग सातवीचा. धडा असा की अमेरिका स्वतंत्र झाली आणि तिथली माणसं पूर्वेचा किनारा सोडून बिऱ्हाडं गाड्यांवर घालून पश्चिमेकडे निघाली. मिसने चिठ्ठ्या उचलायला लावल्या. तिघातिघांचं एक कुटुंब, प्रत्येक कुटुंबाने पुठ्ठ्याची गाडी करायची, बरोबर काय नेणार आणि मागे काय ठेवणार त्याचा तक्ता भरायचा आणि गुरुवारी वर्गात जमिनीवर आखलेल्या नकाशावरून ती गाडी ओढत न्यायची. सगळ्यांना गाड्या मिळाल्या. एका चिठ्ठीवर मात्र लिहिलं होतं: ‘शॉनी कुटुंब. ओहायो नदीचा काठ. इथेच राहतात.’ शॉनी म्हणजे तिथले मूळचे रहिवासी. ती चिठ्ठी हिने उचलली, आणि ती एकटीसाठीच होती.

‘मला कुठे जायचंच नाहीये, तर मी बोलू काय?’ ती म्हणाली. ती उत्तरं इंग्रजीतच देते. मी ती इथे मराठीत लिहिते, कारण वही माझी आहे.

रडण्याचं खरं कारण मला ठाऊक होतं. या शाळेत ती सप्टेंबरातच आली. पहिल्याच महिन्यात तिला वर्गासमोर उभं केलं तर तिच्या तोंडून शब्द फुटेना. मिस ‘बस’ म्हणेपर्यंत ती तशीच उभी राहिली. तेव्हापासून मधल्या सुट्टीत ती टेबलाच्या टोकाला एकटी डबा खाते. हे तिने सांगितलं नव्हतं, पण डबा रोज अर्धा परत यायचा आणि डबा मीच घासते. आता गुरुवारी पुन्हा एकटीनेच उभं राहायचं होतं.

माझा पहिला सल्ला अगदी आजीला शोभेलसा होता. गुरुवारी पोटात दुखतंय म्हण. सूनबाईंनी स्वयंपाकघरातून माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच चष्मा लावून तिचं पुस्तक उघडलं.

आता या विषयात मी अगदीच अडाणी नाही. लग्नाआधी दोन वर्षं मी चिपळूणजवळच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवत होते. वय बावीस, पाठीवर लांब वेणी, हातात लाकडी पट्टी, आणि डोक्यात असा पक्का समज की मी नसते तर नववी ‘ब’ला जग आहे हे कळलंच नसतं. अमेरिकेचा विस्तार मी एका तासात उरकत असे. फळ्याच्या उजव्या कडेला किनाऱ्याला चिकटलेली तेरा राज्यं काढायची, मग खडू आडवा धरून डावीकडे एकच जाड बाण. डोंगर ओलांडले, ओहायोचं खोरं घेतलं, फ्रेंचांकडून मिसिसिपीपलीकडचा मुलूख विकत घेतला, खलास. मधल्या भागाबद्दल माझी एक ठरलेली ओळ होती: ‘विस्तीर्ण व निर्मनुष्य प्रदेश’. ती मी दोनदा सांगून लिहवून घ्यायची.

एकदा मागच्या बाकावरची एक पोर उभी राहिली. म्हणाली, ‘बाई, तिथे कोणी नव्हतं, तर मग लढाया कोणाशी झाल्या?’

मी काय केलं असेल? परीक्षेला येत नाही, बस खाली, म्हणाले. वर पट्टीही आपटली टेबलावर.

नातीच्या पुस्तकात ते सगळं होतं. शॉनी बायका नदीकाठी मका, घेवडा आणि भोपळा लावत. शेतांना कुंपण नसे, कारण शेत कोणाचं ते सगळ्यांना माहीत असे. हिवाळ्यात माणसं शिकारीला रानात पांगत आणि गाव ओस दिसे. नेमका त्या सुमाराला कोणी परका आला तर त्याला वाटे, जागा मोकळीच आहे. मग सरकारचे मोजणीदार साखळ्या घेऊन आले, त्यांनी जमिनीचे चौकोन पाडले, आणि ते चौकोन दूर कुठेतरी बसून विकले गेले.

नात वाचत होती, मध्येच थांबली. ‘पण आजी, भोपळे दिसले नाहीत त्यांना? इतके मूर्ख होते का लोक?’

मी फळ्यासमोरच्या बाईसारखा घसा साफ केला. आणि मग म्हटलं, नको, या पोरीला खरं सांगून टाकू.

लग्नानंतर मी दोह्यात आले ती भर उन्हाळ्यात. फरीज बिन ओमरान या आमच्या वस्तीत तेव्हा बैठी घरं होती. आमच्या दोन खोल्यांना लागून वाळूची एक मोठी सपाट जागा पडलेली होती. दारातून मी रोज तिच्याकडे बघायची. जून गेला, ऑगस्ट गेला, तिथे चिटपाखरू नाही. कोकणातल्या बाईला ओंजळभर मोकळी माती दिसली तरी हात शिवशिवतात, आणि इथे तर अख्खं मैदान वाया चाललेलं. ह्यांना विचारलं, ही जागा कोणाची? हे म्हणाले, माहीत नाही, पण कोणाची तरी असणारच. मी म्हटलं, तुम्ही नोकरी करा, मी बघते.

ऑक्टोबरात हवा जरा निवली. मी फळांच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून कुंपण केलं, वाफे पाडले, कपडे धुतलेलं पाणी वळवलं आणि मेथी पेरली. कोथिंबीर पेरली. आळ्यात शेवग्याची फांदीसुद्धा रोवली. घरी पत्र लिहिलं की इथल्या लोकांना जमिनीचं काही कळत नाही, मी वाळवंट हिरवं करते आहे. ते पत्र आईने शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाचून दाखवलं, हे नंतर कळलं.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी पलीकडच्या घराचं दार उघडलं. दोन पुरुष खांद्यावर गुंडाळलेला गालिचा घेऊन आले आणि माझ्या कुंपणाशी थबकले. त्यांच्यामागून एक म्हातारी आली. चेहऱ्यावर इथल्या जुन्या बायका लावतात तो सोनेरी चमकीचा मुखवटा. तिने पुरुषांना हाताने थांबवलं, फळी बाजूला केली, आत आली आणि मेथीच्या दोन वाफ्यांच्या मधल्या वाटेवर मांडी घालून बसली. मी खुरपं घेऊन उभी. मला वाटलं, हिला चक्कर आली.

मग तिने बसल्या बसल्या बोटाने वाळूत एक लांबरुंद चौकोन काढला, गालिच्याकडे बोट दाखवलं, आणि त्या चौकोनात एकेक बोट टेकवत गेली. हा इथे बसतो, ती तिथे, हा चुलता, हा भाऊ. थंडी आली की त्यांचं सगळं घर संध्याकाळी तिथे बसायचं. तिच्या सासूच्या वेळेपासून, हे मला नंतर ह्यांच्याकडून कळलं. उन्हाळ्यात बाहेर बसतो कोण? मी उन्हाळ्यात बघितलं होतं.

‘मग ती तुला ओरडली का?’ नातीने विचारलं.

‘नाही गो. बसून राहिली फक्त. ओरडली असती तर मी भांडले असते, तेव्हा मला येत होतं ते.’

हे ऑफिसातून परतत होते, लांबून हे सगळं बघून धावतच आले. आपल्या मोडक्या अरबीत त्यांनी इतक्या वेळा माफी मागितली की म्हातारीच त्यांना थांबवायला लागली. तिने मेथीची एक जुडी उपटली, हुंगली, ‘हिल्बा’ म्हणाली, आणि माझ्या पोटाकडे बघून भुवई उडवली. मला पाचवा महिना होता. तिच्याकडेही बाळंतिणीला मेथ्याच देतात, हे मला त्या भुवईवरून कळलं. मेथी निघेपर्यंत वाफे राहू दे, असं तिने ठरवलं, आणि त्या महिन्यात तिच्या घरचे गालिचा तिरका टाकून बसले. हे मला अजूनही ‘वाळवंट हिरवं करणाऱ्या बाई’ म्हणतात.

नातीला हसू आवरेना. म्हणाली, ‘म्हणजे आजी, तू गाडीवालीच होतीस.’

‘गाडीवालीच. वर कुंपण ठोकून मोकळी.’

मग ती उठली, बाल्कनीतली चटई काढली, झटकली आणि दप्तराला बांधली. मला विचारायची फार खोड आहे, पण सूनबाई बघत होत्या.

गुरुवारी दुपारी, म्हणजे इथल्या शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीच्या तोंडावर, ती आली आणि तिने जेवता जेवता सगळं सांगितलं. नकाशावर ओहायो नदीची निळी पट्टी चिकटवली होती. तिने बरोबर तिच्या काठी चटई घातली आणि बसली. पहिली गाडी आली. त्यांनी कागदावरून वाचलं की आम्हाला मोकळी जमीन सापडली आहे. ही म्हणाली, ‘मी बसलेय इथे.’ वर्ग हसला, पण तिला नाही, त्यांना. त्यांच्या कागदावर पुढे काय बोलायचं ते लिहिलेलंच नव्हतं. मग कोणीतरी विचारलं, तू इथे करतेस काय? आणि हिने सांगायला सुरुवात केली. मका, घेवडा, भोपळा, हिवाळ्यातली शिकार, कुंपण का नाही ते. बसून बोलताना भीती वाटत नाही म्हणाली, पाय थरथरले तरी कोणाला दिसत नाहीत. एकेक करून सगळ्या गाड्या तिथे येऊन थांबल्या.

शेवटी मिसने पुस्तकातलं पुढचं पान वाचलं. करार झाले, मोडले, सैन्य आलं, आणि काठावरच्या माणसांना उठवून मिसिसिपीपलीकडे पाठवलं. मिस म्हणाली, चटई गुंडाळ आणि कपाटाजवळ जाऊन बस. हिने गुंडाळली. दुसऱ्या गाडीतल्या दोन मुली खाली वाकल्या आणि त्यांनी चटईचं दुसरं टोक धरलं. मधल्या सुट्टीत त्याच दोघी हिच्या टेबलाशी आल्या. चटई गुंडाळताना तुला खरंच वाईट वाटलं का, असं त्यांना विचारायचं होतं.

‘मग तू काय म्हणालीस?’

‘हो म्हटलं. खरंच वाटलं होतं.’

माझ्यातली मास्तरीण काही गप्प बसेना. मी विचारलं, मार्क किती? कुठे जायचंच नाही म्हणून तक्ता तर कोराच दिलास ना?

तिने आमटीभातावर लिंबू पिळलं. मार्क अजून सांगितले नाहीत म्हणाली, आणि मग, जणू काही विशेष नाही अशा आवाजात, ‘आजी, रविवारी डब्यात जास्त दे. आम्ही तिघी आहोत.’