अल ऐनचा मांडव

आपल्याला अरबी येत नाही, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी, चाळीस माणसांच्या देखत कळलं.

मुलगी केतकी आणि जावई प्रशांत दुबईला असतात. मी आणि बायको सुनंदा त्यांच्याकडं गेलो होतो; एका शुक्रवारी आम्ही चौघं अल ऐनला निघालो. चहूकडं वाळवंट आणि मधोमध खजुराच्या बागा, असं ते गाव. माझ्या वडिलांचं शिक्षण निजामाच्या शाळेत उर्दूतून झालेलं. त्यामुळं औरंगाबादपासूनच मी घरच्यांना सांगत आलो होतो, "तिथं बोलायचं माझ्यावर सोडा. आपल्याला सगळं समजतं." (वडिलांना समजायचं. मला चार अक्षरं यायची, तीही सुटी सुटी.)

बागेजवळ प्रशांत गाडी लावायला जागा शोधत होता. मी खाली उतरलो, तर समोर भलामोठा पांढरा मांडव. बाहेर गाड्यांची रांग, आत पांढऱ्या झग्यातली माणसं ओळीनं उभी. येणारा प्रत्येक जण त्यांच्याशी हात मिळवत होता.

"लग्न दिसतंय," मी म्हणालो.

"अहो, नका जाऊ, ओळख ना पाळख," सुनंदा म्हणाली.

"अगं, हे लोक लई पाहुणचार करतात."

मी रांगेत शिरलो आणि प्रत्येकाचा हात हातात घेऊन, अगदी घशातून उच्चार काढत म्हणालो, "मुबारक, मुबारक." माणसं नुसती बघायची. मला वाटलं, उच्चारावर खूश आहेत.

मग गादीवर बसलो. खजूर आले, कॉफी आली. मी तीन कप प्यालो. शेजारी थोडं हिंदी जाणणारे एक म्हातारबाबा बसले होते. त्यांना विचारलं, "नौशे मियाँ किधर हैं?" आपल्याकडं उर्दूत नवरदेवाला नौशा म्हणतात, त्यांना ते कळेना. म्हणून मी तोंडापुढं बोटं हलवून फुलांचा सेहरा करून दाखवला.

"शादी?" त्यांनी विचारलं.

"हां, हां, शादी."

"शादी नहीं," ते हळूच म्हणाले. "मेरा भाई. परसों गुजर गया."

तोंडातला खजूर गिळवेना आणि टाकवेना. मी हात जोडले. उठायला लागलो, तर त्यांनी माझा गुडघा दाबून मला खाली बसवलं. "बैठो. भाई मेहमान को ऐसे जाने नहीं देता था." आणि चौथा कप स्वतः भरून दिला. मी मान खाली घालून तो प्यालो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

बाहेर आलो तेव्हा हातात त्यांनी दिलेला खजुराचा डबा होता.

"काय हो, कोणाचं लग्न होतं?" सुनंदानं विचारलं.

मी खरं सांगितलं. प्रशांत रस्त्याकडं बघत राहिला. केतकीनं डोक्यावर ओढणी घेतली. गाडी निघाली.

शेवटी सुनंदा म्हणाली, "आणि बाहेर येताना त्या रांगेतल्या माणसांना काय म्हणालात?"

तेही सांगावं लागलं. जाताना प्रत्येकाची माफी मागायची होती, पण घाबरलेल्या माणसाला पाठ असलेलंच आठवतं. मी पुन्हा रांगेतून प्रत्येकाला 'मुबारक' म्हणत बाहेर आलो होतो.