गुरुवारची भाकर

उधन्याला मागावर कामाला असताना मी राहायचो, त्या चाळीचा विषय निघाला की मी बोलणं लूमकडे, पगाराकडे वळवत आलो. तिथे मारहाण झाली, एवढं माझ्या मुलांना माहीत आहे. ती कोणामुळे झाली, हे मी घरातही कधी सांगितलं नाही.

शेजारच्या खोलीत केरळचा एक फिटर राहायचा, त्याच्या पलीकडे नवापूरकडचा विणकर. दोघेही ख्रिस्ती, पण सण सारखे नव्हते. फिटर ईस्टरआधी कित्येक आठवडे मांस-मासळी सोडायचा. विणकराच्या मंडळीत असा उपवासच नव्हता; त्यांचा सगळा जीव नाताळात, ढोल आणि नाचात. तुमचा देव फक्त जेवायला येतो, असं फिटर त्याला चिडवायचा. नाताळचा केक मात्र फिटर सगळ्या चाळीत वाटायचा.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मी सहज त्याच्या दारात गेलो. ताज्या भाकरीचा वास येत होता. त्याने दार अर्धंच उघडलं. "आज नहीं, भाईसाब. आज की रोटी बाहरवालों को नहीं देते."

आत विणकर बसला होता. फिटर पुन्हा खाली बसला आणि परातीत त्याचे पाय धुऊ लागला. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची ती आठवण, हे मला नंतर कळलं. आमच्याकडे लग्नात जावयाचे पाय धुतात. तेवढं तरी मला समजायला हवं होतं. पण ‘बाहरवाला’ मनात रुतला होता. चहाच्या टपरीवर मी सांगितलं, आत पाणी घालून माणूस बाटवतायत. विणकर जन्माचा ख्रिस्ती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

टपरीवरची पोरं मागाचे लाकडी दांडे घेऊन आली. फिटरला त्यांनी उंबऱ्यावर पाडलं, तीच परात त्याच्या कपाळावर आपटली. विणकर पळाला, पण ओल्या पायांनी घसरला. एकाने त्याचा उजवा पंजा फरशीवर दाबून धरला आणि दुसरा मारत राहिला. सुक्या तुराट्या मोडाव्यात तसा आवाज आला. त्याने गर्दीत मला पाहिलं.

"दादा, सांग ना यासले. तू तं माले वळखस."

मी चपला शोधत असल्यासारखा खाली बघत राहिलो. ते मारत राहिले.

फिटर टाके घालून घेऊन कायमचा गावी गेला. विणकराच्या बोटांनी तुटल्या धाग्याची गाठ पुन्हा कधी मारली नाही. तो आता डिंडोलीत भाजी विकतो.

यंदा ईस्टर झाल्यावर मी त्याच्याकडे गेलो. त्याने गोणपाट झटकून बसायला दिलं. त्या दिवशी एवढ्या गर्दीत आपला म्हणावा असा तूच एक होतास, असं म्हणत त्याने डाव्या हाताने स्टोव्हवर चहा ठेवला. मला माफ कर, त्यांना मीच पाठवलं होतं, एवढं वाक्य मी वाटभर घोकत आलो होतो. मी तोंड उघडलं.

"साखर कमी टाक, भो," म्हणालो.