बाबांसाठी जेवणारी

घरात तिला सगळे भोपळी म्हणायचे. नाव आत्याने ठेवलेलं, लाडानेच. पण लाडाची नावं एकदा चिकटली की निघता निघत नाहीत. आई ती लहान असतानाच गेली. घरात ती आणि बाबा, दोघंच. बाबा बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. माणूस अबोल. साबणाने कितीही घासले तरी हातांना ग्रीसचा वास.

कॉलेजात गेल्यावर तिने जेवण तोडलं. हळूहळू गाल बसले, हाडं वर आली. आत्या एकदा घरी आली आणि दारातूनच ओरडली, "अगंबाई, भोपळीची शेंग झाली की!" सगळे हसले, तीही हसली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या अंगाचं कौतुक केलं होतं. आता ते हातचं जाऊ द्यायचं नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

पण पोट काही ऐकत नसे. दिवसभर दाबून ठेवलेली भूक संध्याकाळी उसळायची. मग ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या हाताला लागेल ते कोंबायची, चव न घेता, चोरासारखी. लगेच शरम यायची आणि ती बाथरूममध्ये जाऊन ओकून टाकायची. बाहेर आली की तोंड धुऊन, केस नीट करून बाबांना विचारायची, "चहा टाकू?"

पुढे तिला दातांच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. मागच्या छोट्या खोलीत बसून कवळ्या बनवायच्या. प्लास्टरचे साचे, मेण वितळवायचा दिवा, घासायचं मशीन आणि सगळीकडे पांढरी धूळ. हे काम तिला मनापासून आवडायचं. म्हातारी माणसं नवी कवळी लावून आरशात बघून हसायची, तेव्हा ती दाराआडून बघायची.

एक दिवस तिचीच दाढ ठणकायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीत बसवलं, आरसा तोंडात घातला आणि दिवा जवळ ओढला. पुढच्या दातांची आतली बाजू पार झिजली होती.

"ओकतेस का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"ॲसिडिटी आहे मला."

"ॲसिडिटी माझ्या नवऱ्यालाही आहे. त्याचे दात असे नाहीत झाले."

त्यांनीच तिला समुपदेशक बाईंकडे धाडलं. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुला बरं कशासाठी व्हायचंय?" "डॉक्टरीणबाई म्हणाल्या म्हणून आले," एवढंच ती म्हणाली. दोनचार खेपा घातल्या आणि जाणं सोडून दिलं.

त्याच सुमारास बाबांचे उरलेसुरले दात काढावे लागले. तिने जीव ओतून त्यांची कवळी बनवली. बाबांनी ती घालून पाहिली, काढली आणि पाण्याच्या ग्लासात ठेवून दिली.

"टोचते का?" तिने विचारलं.

"नाही. तू रोज माझ्यासमोर बसून जेव आणि जेवल्यावर तासभर इथून हलू नकोस, तर घालेन. नाहीतर राहू दे ती ग्लासातच."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"जन्मभर इंजिनाचे आवाज ऐकले मी," बाबा म्हणाले. "भिंतीपलीकडचा आवाज कळत नाही होय मला? बोलायचं कसं, तेवढं कळत नव्हतं."

मग रोज दोघं समोरासमोर जेवायला बसू लागली. सुरुवातीला तिला घास गिळवेना, ताटात आसवं पडायची. बाबा नव्या कवळीने कटाकट चावत राहायचे. जेवण झालं की पत्त्यांचा डाव मांडायचे आणि उघडउघड लबाडी करायचे, म्हणजे ती भांडायला तरी खुर्चीत बसून राहील. असं करता करता तिची बंद पडलेली पाळी पुन्हा सुरू झाली, केस गळायचे थांबले. समुपदेशक बाईंकडे ती पुन्हा जाऊ लागली.

"आता सांग, कशासाठी?"

"बाबांसाठी."

"सध्या चालेल," बाई म्हणाल्या. "पण स्वतःसाठीही काहीतरी शोधून ठेव."

बघू पुढे, असं तिला वाटलं.

बाबा एका दुपारी पेपर वाचता वाचता गेले. ती तेव्हा दवाखान्यात कुणाची तरी कवळी घासत होती.

काही आठवड्यांनी आत्या भेटायला आली. भावाच्या आठवणीने रडली, तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि डोळे पुसत म्हणाली, "दुःखाने किती वाळलीस पोरी! पण खरं सांगू, शोभतं हो तुला."

आत्या गेली आणि त्याच संध्याकाळी सगळं पुन्हा सुरू झालं. आता तर घरात कुणीच नव्हतं. बाथरूमचं दार लावायचीही गरज उरली नव्हती.

शेवटी ती कामावर चक्कर येऊन पडली. हृदयाचे ठोके चुकत होते, इस्पितळात ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाई उशाशी बसून म्हणाल्या, "बाबा नाहीत, पण मी आहे ना."

"तुम्ही पगार देता," ती म्हणाली. "समोर जेवायला नाही बसत."

समुपदेशक बाईही इस्पितळात आल्या. त्यांनी पुन्हा स्वतःसाठी जगण्याचा विषय काढला, तेव्हा तिला हसू आलं. "ज्या बाईला मी इतकी वर्षं उपाशी मारतेय, तिच्यासाठी मी जेवू? ती माझी कोण लागते?"

आता ती दर आठवड्याला समुपदेशक बाई अशाच मुलींसाठी चालवतात त्या गटात जाऊन बसते. तिथे प्रत्येकीकडे एकेक कारण असतं. कुणाला मूल हवंय, कुणाला पुन्हा नाचायचंय. तिची बोलायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "मला कंटाळा आलाय. खाण्याचा, ओकण्याचा, खोटं बोलण्याचा. बरं व्हायची इच्छा आहे असं नाही. कंटाळा तेवढा खरा आहे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाई म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात ये."

इस्पितळातून ती कामावर परतली, तेव्हापासून दुपारी डॉक्टरीणबाई आपला डबा घेऊन मागच्या खोलीत येतात. साचे बाजूला सारून दोघी जेवतात. डॉक्टरीणबाईंना गप्पा मारता येत नाहीत, त्या पेशंटांच्याच गोष्टी सांगत बसतात. कधी अन्न तिच्या पोटात टिकतं, बहुतेकदा टिकत नाही. कालही अर्धा डबा संपवून ती उठली आणि बाथरूममध्ये गेली. डॉक्टरीणबाईंनी हाक मारली नाही. झाकण न लावता डबा तसाच ठेवून त्या तिची वाट बघत बसून राहिल्या.